स्टेपनीमामाची राखीव प्रत

माझ्या मामाकडे सगळ्या वस्तू दोन-दोन असतात आणि त्या दोन्ही एकदमच हरवतात. घराच्या किल्लीला जोडकिल्ली आहे, पण ती पहिलीच्याच जुडग्यात. चष्मे दोन आहेत, पण एकाच डबीत, एकमेकांच्या काड्यांत काड्या अडकवून. बाहेर निघताना तो खिशाला दोन पेनं लावतो, एक आटलं तर दुसरं असावं म्हणून, आणि मग दोन्ही मिळून एकाच शर्टाची वाट लावतात.

एकदा तो जुडगा बागेतल्या बाकावर राहिला. मामा आणि मामी भाजीच्या पिशव्या घेऊन स्वतःच्याच दारासमोर जिन्यावर बसून राहिले. शेवटी कुलूपवाला आला, त्याने कुलूप फोडलं आणि नवीन बसवून दिलं. यातून मामाने काय धडा घेतला, तर आता त्या जुडग्यात तीन किल्ल्या असतात.

आम्ही भाचरं त्याला स्टेपनीमामा म्हणतो. त्याला ते नाव आवडतं. गाडीला एक राखीव चाक असतं म्हणूनच माणूस निवांत गाडी चालवतो, असं तो वर आम्हालाच समजावतो.

ही सवय त्याला नोकरीने लावली. त्याचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. लिफ्टमध्ये कुणी घाबरलेलं दिसलं की तो धीर द्यायचा, "लिफ्ट कधी एका दोरावर टांगलेली नसते. एक तुटला तर दुसरा, दुसरा तुटला तर तिसरा." हे ऐकून जे घाबरलेले नसायचे तेही घाबरायचे. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, "मामा, सगळे दोर ज्या चाकावरून जातात ते चाकच तुटलं तर?" "चाक तुटत नाही," मामा म्हणाला आणि विषय बदलला.

आता मामी. आमच्या घराण्यात जिचं बोलणं लोक आपणहून ऐकायला मागायचे अशी ती एकटीच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून घेणारं एक ध्वनिग्रंथालय आहे. मामी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं वाचत होती. तिचा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट. त्याची दोन्ही दारं उघडायची, आत टांगलेले कोट आणि रचलेल्या रजया यांच्यासमोर माइक ठेवायचा आणि मामीने कपाटात तोंड घालून वाचायचं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हा मामाचा शोध. नवीन पाहुण्यांना हे दृश्य दिसलं की ते मामाला बाजूला घेऊन विचारायचे, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

वाचनातला सगळ्यात मोठा अडथळा मामा स्वतः होता. तो चवड्यांवर चालायचा, पण त्याचे गुडघे वाजायचे. दार हळू लावायचा, पण लावताना मोठ्याने "हळू" म्हणायचा. मामी वाचन न थांबवता, त्याच सुरात त्याला दटावायची. "आणि तिने मागे वळून पाहिलं, अहो, पंखा, मागे वळून पाहिलं तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता." मग मामा कानाला हेडफोन लावून बसायचा आणि कॉम्प्युटरवर ते सगळे 'अहो' वेचून वेचून काढून टाकायचा. त्या कामाला तो केर काढणं म्हणायचा.

पुढे मामीच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. तेव्हा तिच्या हातात एका दर्यावर्दी बाईवरची जाडजूड कादंबरी होती. ती संपवल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकणार नाही म्हणाली आणि नाहीच टाकलं. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले आणि कपाटासमोर जाऊन बसली.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेही जपून. लांबच्या खोलीतल्या माणसाला काही सांगायचं असेल तर चमचा ताटलीवर वाजवते. एकदा वाजला की 'इकडे या'. दोनदा वाजला की 'नको'. त्या घरात दोनदाच जास्त वाजतो.

त्या कादंबरीचा केर काढणं मात्र संपेचना. वर्ष उलटून गेलं. ग्रंथालयातल्या बाई फोन करकरून थकल्या. "थोडं राहिलंय," मामा म्हणायचा. आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणूस आळशी होतो. मामीचं ते शेवटचं पुस्तक मामाच्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

अखेर एकदाचं ते पूर्ण झालं. तोवर ग्रंथालयाने पुस्तकं पाठवायची पद्धतच बदलली होती. त्यांचा नवा प्रोग्रॅम मामाच्या जुन्या सिस्टिमवर चालेना, आणि नवी सिस्टिम टाकायला गेलं तर ती मामाच्या डिस्कवर बसायला तयार होईना. मग मामाने मला फोन लावला. मी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं एवढंच माझं काम, पण नातेवाइकांत मी धन्वंतरी. स्वभाव आधीच तापट, त्यात हे सगळे फुकटचे रुग्ण.

"अगं, ते म्हणतंय तुमची डिस्क जुन्या पद्धतीची आहे," मामा म्हणाला. "जुनी झाली म्हणून काय झालं? मीपण जुना आहे."

"मामा, डिस्क म्हणजे एक मोठं पुस्तक समज. कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं त्याची अनुक्रमणिका पहिल्या पानावर असते. तुझी अनुक्रमणिका जुन्या पद्धतीने लिहिलेली आहे, ती नव्या सिस्टिमला चालत नाही. तेवढी नव्या पद्धतीने लिहून घ्यायची. बाकी पानांना हात लावायचा नाही."

"म्हणजे आतलं सगळं तसंच राहतं?"

"नीट केलं तर राहतं."

"आणि नव्या पद्धतीत असं काय मोठं आहे?"

"बरंच आहे. एक म्हणजे, त्यात अनुक्रमणिकेची आणखी एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतात. पुढची बिघडली तर मागची कामाला येते."

"राखीव," मामा म्हणाला. आवाज भरून आला होता.

"हो, राखीव. पण ऐक, आधी सगळ्याची प्रत काढून ठेव. मी रविवारी येते, मग करू. तोवर हात लावायचा नाही."

"प्रत काढायची हे तू मला सांगतेस? दोन आहेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणी."

मला हायसं वाटलं. प्रती ठेवण्याच्या बाबतीत तरी या माणसावर विसंबायला हरकत नव्हती.

रविवारी सकाळी गेले तर दार मामानेच उघडलं. "ये, ये. दमली असशील. आधी चहा घे." मामा कधी कुणाला चहा विचारत नाही. मी चप्पल काढायच्या आतच विचारलं, "काय करून ठेवलंस?"

"काही नाही. झालं ते. यशस्वी झालं."

"मग?"

"मग ते आता सुरू होत नाहीये."

झोपायच्या खोलीत कपाटाशेजारीच कॉम्प्युटरचं टेबल आहे. पडदा काळा ठिक्कर आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ, की सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही. मी मटकन खुर्चीत बसले. मामाने उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. मी येणार म्हणून सकाळी लवकर आवरून झालं, मग वेळ जाईना, मग त्याने बदल करण्याची पद्धत वाचून काढली. आधी तपासणीची आज्ञा द्यायची, ती पास झाली. मग बदलाची दिली, तीही पास झाली.

"शेवटी काही सूचना आली असेल ना?"

"आली होती की. यशस्वी, असं आलं. त्याच्या खाली अजून दोन ओळी होत्या."

"काय होतं त्यांत?"

"ते नाही वाचलं. पास झाल्यावर माणूस गुणपत्रिकेखालची टीप वाचत बसतो का?"

मी दहापर्यंत आकडे मोजले. ऑफिसात हेच करते. "बरं, जाऊ दे. दोन प्रती आहेत ना, त्या काढ. कुठे आहेत?"

"एक डी मध्ये, एक ई मध्ये."

"आणि डी, ई कुठे आहेत?"

मामाने कॉम्प्युटरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"आणि मूळ पुस्तक?"

बोट जिथे होतं तिथेच राहिलं. "ह्यातच. पण सी मध्ये. सगळे वेगवेगळे खण आहेत."

"मामा, खण वेगळे असले तरी कपाट एकच आहे. कपाटालाच आग लागली तर खण काय करणार?"

"पण तूच म्हणालीस, ती राखीव अनुक्रमणिकासुद्धा त्याच डिस्कवर ठेवतात. म्हणजे ते सगळे शहाणे आणि मीच तेवढा वेडा?"

यात तथ्य होतं, म्हणून मी जास्तच चिडले. "अरे, एका जुडग्यात तीन किल्ल्या ठेवणाऱ्या माणसा," असं काहीतरी सुरू केलं आणि मध्येच थांबले. मामाचा चेहरा उतरला होता. मला ते लिफ्टचं चाक आठवलं. त्यालाही आठवलं असावं, कारण तो हळूच पलंगावर टेकला. गुडघे वाजले.

"मामीला कळू देऊ नकोस," तो कुजबुजला.

"ती कुठे आहे?" मीही कुजबुजले.

"स्वयंपाकघरात."

एवढं बोलून आम्ही आणखी एक घोडचूक केली. त्या घरात मामी सोडून कुणी कुजबुजत नाही. मामाचं खासगी बोलणंही खालच्या मजल्यावर ऐकू जातं. झोपायच्या खोलीत एकदम शांतता पसरल्यावर कुणालाही संशय आला असता. स्वयंपाकघरातून चमचा वाजला, एकदा. मामा धडपडत गेला, "काही नाही गं, ती बघतेय," असं दारातूनच सांगून परत आला.

तेवढ्यात माझं डोकं ताळ्यावर आलं. मामाने न वाचलेल्या त्या दोन ओळींत काय असणार हे लक्षात आलं. अनुक्रमणिका नव्या पद्धतीने लिहून झाली होती, पण मशीनला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं अजून जुन्या पद्धतीनेच पहिलं पान उलटत होतं आणि पुस्तकच नाही म्हणून हात वर करत होतं. मशीन सुरू होताना एक बटण दाबत राहायचं, की त्याच्या पोटातल्या सेटिंग उघडतात. तिथे एका ठिकाणी 'जुनं' बदलून 'नवं' करायचं. झालं.

मी बटण दाबलं. सेटिंगने पासवर्ड मागितला.

"मामा, पासवर्ड सांग."

"मी नाही ठेवला."

"मग कुणी ठेवला?"

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. प्रकरण असं होतं की, पूर्वी मामा सवडीनुसार त्या सेटिंगमध्ये शिरून ढवळाढवळ करायचा. एकदा ऐन वाचनात मशीन आपोआप बंद पडलं आणि मामीचं अख्खं प्रकरण वाया गेलं. तेव्हापासून तिने तिथे कुलूप घातलं होतं. स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या तळघरात मामाला मज्जाव होता.

"विचार तिला," मी म्हटलं.

"तू विचार."

"बायको कुणाची?"

"मामी कुणाची?"

विचारायची वेळच आली नाही. मामी दारात उभी होती, हातात चमचा. कधीपासून उभी होती देव जाणे. तिने काळ्या पडद्याकडे बघितलं, मग मामाकडे.

"माझं पुस्तक गेलं?" ती कुजबुजली.

ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर दोन-दोन प्रतींत असतं त्या मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. मीच म्हटलं, "नाही मामी. बहुतेक नाही. पण तुझा पासवर्ड लागेल."

'बहुतेक' हा शब्द तिला आवडला नाही, हे मला कळलं. ती पुढे आली, मला खुर्चीवरून उठवलं आणि चमच्यानेच खूण केली, तोंडं तिकडे करा. पासवर्ड ती अशा प्रसंगीसुद्धा कुणाला दाखवणार नव्हती. मग मी आणि मामा शिक्षा झालेल्या पोरांसारखे कपाटाकडे तोंड करून उभे राहिलो. दारं उघडीच होती. नाकासमोर कोट होते, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता. मागे मामी एकेक बटण सावकाश दाबत होती.

"ते पुस्तक पुरं करायला मला वेळ लागला नव्हता," मामा कोटांकडे बघत हळू आवाजात म्हणाला. "केव्हाच झालं होतं. पण पाठवून दिलं की ऐकायला निमित्त काय? मला तिचा आवाज आता नुसता आठवायला गेलं तर आठवत नाही गं. म्हणून रोज थोडं ऐकायचो."

मला त्याच्यावर इतका वेळ आलेला राग कुठे गेला कळलं नाही. मी त्याचा हात धरला.

चमचा टेबलावर वाजला, एकदा. आम्ही वळलो. सेटिंग उघडल्या होत्या. मी 'जुनं' काढून 'नवं' केलं, ते नोंदवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मामाने डोळे मिटून घेतले. मग पडद्यावर उजेड आला आणि एका लिफ्टचा फोटो दिसला. मामा तोच लावतो. लिफ्टचा फोटो बघून माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"ऐकवा," मामी कुजबुजली.

मामा बसला. सी, डी, ई सगळे खण जागेवर होते. त्याने एक ठिकाण उघडलं आणि काहीतरी दाबलं.

"अहो, पंखा बंद करा म्हटलं ना मघाशी."

खणखणीत, भरदार आवाज. मामीचा. मामा ताडकन उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने पंखा बंद केला. मग त्याच्या लक्षात आलं. तो बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत सावकाश थांबला.

आवाज चालूच होता. "अहो, गुडघे नका वाजवू." "कोण आलंय? सांगा, मी कपाटात आहे." "तुम्ही गुणगुणताय, कळतंय का? बंद करा. बरं, राहू दे, छान वाटतंय. नको, बंद करा." कादंबरीचं एक वाक्यही नव्हतं. घाईत मामाने भलतंच उघडलं होतं. इतक्या वर्षांत, इतक्या पुस्तकांतून वेचून काढलेला एकेक 'अहो' तिथे ओळीने मांडून ठेवलेला होता.

मामी हसत होती. आवाज येत नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हा केर टाकला नव्हता तुम्ही?" ती कुजबुजली.

"राखीव ठेवला," मामा म्हणाला.

मामीने आजूबाजूला बघितलं. ताटली नव्हती. तिने चमचा कॉम्प्युटरच्या खोक्यावरच वाजवला, एकदा. मामा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि तो उगाचच बराच वेळ उकळला.

कादंबरी त्याच आठवड्यात ग्रंथालयात पोहोचली. मामाने हाताच्या तळव्यावर मावेल अशी एक वेगळी डिस्क आणली, त्यावर सगळं उतरवलं आणि ती कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवली. चमचा दोनदा वाजला.

म्हणून मग तो आमच्या घरी आला. डिस्क टॉवेलात गुंडाळलेली होती. ती माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या हातात देऊन तो म्हणाला, "ताई, ही नीट ठेव. पाण्यापासून लांब, लोहचुंबकापासून लांब आणि तुझ्या नवऱ्यापासून लांब." बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मग मामाने खिशातून जुडगा काढला. एक किल्ली सोडवायला त्याला फार त्रास झाला, नख मोडलं, पण त्याने मला हात लावू दिला नाही. ती टेबलावर ठेवून म्हणाला, "हीपण ठेव. आम्ही दोघंच असतो. कधी काय होईल." एरवी आई त्याला टोमणा मारल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी तिने किल्ली उचलली आणि मुकाट्याने स्वतःच्या कपाटात ठेवली.

तो गेल्यावर मी ती डिस्क लावून बघितली. सगळं नीट उतरलंय का हे तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. जित्याची खोड, दुसरं काय. कादंबरीची प्रत एकच होती. केर मात्र दोन ठिकाणी उतरवलेला होता, त्याच डिस्कवर, शेजारी शेजारी. मी दोन्ही तसेच राहू दिले.